झोपलेला टीबी आणि परदेशाची वाट

 

मागच्या महिन्यात आपल्याच कोकणपट्टीतल्या एका ताईंचा फोन आला होता. नाव-गाव सांगत नाही, तसं त्यांना वचन दिलंय. त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा, वायरमनचं काम शिकलेला, आखातात नोकरीला निघाला होता. बचत गटाचं कर्ज काढून एजंटाला पैसे दिले. मग मुंबईला मेडिकल झालं, छातीचा फोटो काढला आणि कागदावर शिक्का बसला, 'अनफिट'. फुप्फुसावर जुन्या टीबीचा डाग आहे म्हणे. मुलगा धडधाकट, खोकला नाही, ताप नाही. गावात मात्र बातमी फिरली की याला टीबी आहे. जाऊबाईंनी त्याचं ताट-तांब्या वेगळं ठेवायला सांगितलं. ताई फोनवर रडत होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता, "माझा मुलगा आजारी आहे की नाही, तेवढं मला सांगा."

त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. ते नीट समजायचं तर आधी टीबी माणसाच्या अंगात कसा राहतो, हे समजून घेऊ.

राखेखालचा निखारा

टीबीचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी शोधला. मार्चच्या २४ तारखेला त्यांनी हा शोध जाहीर केला, म्हणून आजही आपण २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतो. हा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस, औषध सुरू नसताना, खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. त्या खोलीत जो तासन् तास श्वास घेतो, त्याच्या फुप्फुसात ते जाऊ शकतात. ताट, वाटी, कपडे, हातात हात घेणं यातून टीबी पसरत नाही. हे वाक्य घरी जाऊन चार जणांना सांगा.

आता जंतू आत गेला म्हणजे आजार झालाच, असं नाही. आपल्या अंगातली ताकद त्या जंतूंना घेरते, त्यांच्याभोवती गाठीसारखं कुंपण घालते. जंतू मरत नाहीत, पण हलतही नाहीत. रात्री चूल विझवताना आपण निखाऱ्यावर राख लोटतो ना? वरून सगळं थंड दिसतं. हात लावला तरी चटका नाही. पण आत निखारा जिवंत असतो. सकाळी फुंकर घातली की पेटतो. झोपलेला टीबी तसाच. डॉक्टर त्याला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात.

झोपलेला टीबी असलेल्या माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, वजन घटत नाही. तो कुणालाही रोग देत नाही. छातीच्या फोटोतही बहुधा काही दिसत नाही.

आणि हा निखारा किती जणांत आहे? जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांमध्ये. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मध्ये मोठी पाहणी झाली, तेव्हा १५ वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण शंभरात सुमारे ३१ निघालं. म्हणजे बारा बायकांचा गट गोल करून बसला, तर सरासरीनं त्यातल्या तिघी-चौघींच्या अंगात हा निखारा असेल. त्यात मीही असेन, तुम्हीही असाल. म्हणून कुणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

या शंभर निखाऱ्यांपैकी नव्वदहून जास्त जन्मभर तसेच विझलेले राहतात. पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी आजार होतो. त्यातल्या जवळपास निम्म्यांना जंतू शिरल्यापासून पहिल्या दोन वर्षांतच होतो, बाकीच्यांना दहा, वीस, तीस वर्षांनीही होऊ शकतो.

परदेशी गेलेल्यांचा टीबी कुठून येतो

आता परदेशाच्या वाटेकडे वळू. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतला एक माणूस दुबई, कुवेत, कतार, मस्कतला असतो. कुणाची मुलगी नर्स होऊन इंग्लंडला जाते. आणि उलट दिशेनंही माणसं येतात. आपल्या हापूसच्या बागांत राखण करायला, फवारणीला, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळची माणसं येतात. तीही परदेशातच आलेली असतात, हे आपण विसरतो.

अशा माणसांच्या अंगात झोपलेला टीबी असण्याची शक्यता कशानं वाढते? जगभरच्या अभ्यासांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत.

पहिली गोष्ट, माणूस कुठल्या देशात वाढला. जिथे टीबी जास्त, तिथे लहानपणापासून जंतूशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. २०२३ साली जगात टीबीचे जेवढे नवे रोगी झाले, त्यातला चौथा हिस्सा आणि थोडा जास्तच आपल्या भारतातला होता.

दुसरी गोष्ट, वय. जंतू असलेल्या हवेत जितकी वर्षं काढली, तितकी गाठ पडण्याची शक्यता वाढते. विशीतल्या मुलापेक्षा चाळिशीतल्या माणसात निखारा सापडण्याची शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट, घरात कुणाला टीबी झालेला असणं. आजोबांना होता, काकूला होता, एकाच खोलीत झोपत होतो, असं असेल तर शक्यता बरीच वाढते.

चौथी गोष्ट, राहण्याची जागा. कामगारांच्या छावणीत एका खोलीत एकावर एक पलंग, एसीसाठी खिडक्या बंद. बोटीवरची छोटी केबिन. बागेतला एकच दार असलेला मांगर. अशा जागेत एकाला आजार झाला की बाकीच्यांच्या छातीत जंतू जायला वेळ लागत नाही.

पाचवी गोष्ट, काम. दवाखान्यात काम करणाऱ्या नर्स, वॉर्डबॉय यांची रुग्णांशी रोजची गाठ असते.

बघा, यात 'परदेशी माणूस घाणेरडा असतो' असं कुठेही नाही. देश, वर्षं, घर, खोली आणि काम, एवढंच आहे.

फुंकर कोण घालतं

निखारा असणं एक, तो पेटणं दुसरं. पेटवणारी फुंकर कोणती, हे आपल्या हातात येण्यासारखं आहे, म्हणून नीट ऐका.

कमी खाणं आणि अंगावर मांस नसणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी फुंकर. गावाकडे पैसे पाठवायचे म्हणून परदेशातला माणूस एक वेळ चहा-पावावर काढतो. इकडे घरची बाई सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाते. दोघांचीही ताकद घटते.

मधुमेह ही दुसरी. साखर वाढलेली असेल तर टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट होतो. आखातात वर्षानुवर्षं राहिलेल्या आपल्या किती माणसांना मधुमेह आहे, ते तुम्हीच आठवा.

एचआयव्हीची लागण असेल तर धोका कित्येक पटीनं वाढतो. बिडी-सिगारेट आणि दारूनं वाढतो. दगड फोडणं, खडी क्रशर, बांधकामावरची बारीक धूळ फुप्फुसात बसली तर वाढतो. किडनीचं डायलिसिस चालू असेल, संधिवातासारख्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा खूप दिवस स्टेरॉइड चालू असेल, तरीही वाढतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही बाईनं जपायला हवं.

आता परदेशात गेलेल्या माणसाकडे बघा. नवा देश, कमी खाणं, कमी झोप, गर्दीची खोली, धुळीचं काम आणि आजारी पडलो तर नोकरी जाईल ही भीती. त्या भीतीनं तो खोकला लपवतो. इंग्लंडमध्ये टीबी होणाऱ्या चारांपैकी तिघांहून जास्त लोक दुसऱ्या देशात जन्मलेले असतात, आणि त्यात भारतात जन्मलेले सगळ्यात जास्त असतात. त्यातल्या पुष्कळ जणांना आजार होतो तो तिथे पोचल्यानंतर काही वर्षांनी. येतानाच्या फोटोत त्यांची छाती स्वच्छ होती. निखारा बरोबर गेला होता, पेटला तिथे.

म्हणून इंग्लंडमध्ये दोन टप्पे ठेवले आहेत. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधी छातीचा फोटो काढून टीबी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो जागा टीबी शोधण्यासाठी. आणि २०१५ पासून तिथे टीबी जास्त असलेल्या देशांतून नव्यानं आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांना झोपलेल्या टीबीची रक्ततपासणी मोफत करून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ती पॉझिटिव्ह आली म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत, औषध देतात. तुमची लेक तिकडे गेली आणि अशी चिठ्ठी आली, तर तिला सांगा, घाबरू नकोस, तपासणी करून घे.

आखाती देशांची पद्धत वेगळी. तिथे जाण्याआधी ठरवून दिलेल्या केंद्रात मेडिकल होतं आणि पोचल्यावर पुन्हा होतं. त्यात छातीचा फोटो असतोच. जागा टीबी तर चालत नाहीच, पण जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डाग दिसला तरी 'अनफिट' ठरवतात. झोपलेला टीबी मात्र फोटोत दिसतच नाही, म्हणून तो असलेला माणूस बिनधास्त पुढे जातो. म्हणजे बरा झालेला घरी आणि निखारा असलेला विमानात, असंही होतं.

निखारा आहे का, कसं कळतं

दोन प्रकारच्या तपासण्या आहेत. एक, हाताच्या कातडीत बारीक सुई टोचून दोन-तीन दिवसांनी तिथली गाठ मोजतात. जुनी पद्धत मान्टूची, नवी साय-टीबीची. दुसरी, रक्ताची तपासणी, तिला इग्रा म्हणतात. लहानपणी बीसीजीची लस घेतली असेल तर मान्टूची गाठ कधीकधी उगीच मोठी येते. इग्रा आणि साय-टीबीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पण या तपासण्या एवढंच सांगतात की जंतूशी गाठ पडली आहे. निखारा झोपलाय की पेटलाय, हे त्या सांगत नाहीत. म्हणून डॉक्टर आधी चार गोष्टी विचारतात. खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय का? रात्री घामानं अंथरूण भिजतं का? यातलं काही असेल तर बेडक्याची तपासणी आणि छातीचा फोटो. बेडका तपासणारं ट्रूनॅट नावाचं यंत्र आता अनेक सरकारी दवाखान्यांत आहे, आणि ते आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे.

हा क्रम का महत्त्वाचा? झोपलेल्या टीबीला एक-दोन औषधं पुरतात. जाग्या टीबीला चार औषधं एकत्र लागतात. पेटलेल्या आगीवर थोडंसंच पाणी मारलं तर आग विझत नाही, उलट जंतू त्या औषधाला सरावतात. मग साधा टीबी हट्टी होतो. म्हणून कुणाच्या उरलेल्या गोळ्या कुणी घेऊ नयेत.

औषध कुणाला, किती दिवस

झोपलेला टीबी असणाऱ्या सगळ्यांनाच औषध देत नाहीत. ज्यांचा निखारा पेटण्याची भीती जास्त, त्यांना देतात. फुप्फुसाचा टीबी झालेल्या माणसाच्या घरातले लोक, आणि एचआयव्ही असलेले लोक यांना आपल्या सरकारी कार्यक्रमात हे औषध मोफत मिळतं. घरातलं पाच वर्षांखालचं मूल असेल तर आजार नाही याची खात्री करून, बाकी तपासणीची वाट न बघता औषध सुरू करतात, कारण लहान मुलांत टीबी फार वेगानं पसरतो.

औषधाचे दोन प्रकार नेहमीचे. एक, आयसोनियाझिडची गोळी रोज, सहा महिने. दुसरा, दोन औषधं एकत्र, आठवड्यातून एकदाच, तीन महिने, म्हणजे एकूण बारा वेळा. दुसऱ्या प्रकारात लघवी लालसर-केशरी होते, घाबरू नका. पण बायकांनी एक लक्षात ठेवा. या औषधानं पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा आणि हार्मोनच्या इंजेक्शनांचा परिणाम कमी होतो. म्हणून दुसरं साधन वापरा, आणि गरोदर असाल तर आधीच सांगा. भूक मेली, मळमळ झाली, डोळे पिवळे झाले, हातापायाला मुंग्या आल्या तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. या काळात दारू नको, यकृतावर ताण येतो.

गटानं काय करायचं

एक, परदेशी जाणाऱ्याच्या घरी आधी छातीचा फोटो, मग एजंटाचे पैसे. पूर्वी कधी टीबी झाला असेल, छातीत पाणी झालं असेल, तर सरकारी किंवा आपल्या खात्रीच्या दवाखान्यात आधीच फोटो काढा. कर्ज मागायला आलेल्या बाईला हा एक प्रश्न गटाच्या बैठकीतच विचारा. पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

दोन, डाग पुसून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जखम भरली की व्रण राहतो, तसा तो डाग. तो पुसणारं औषध नाही. दुसऱ्याचा फोटो लावून देतो म्हणणारा तर सरळ फसवतो आहे.

तीन, परतून आलेल्या माणसाकडे लक्ष द्या. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन असेल तर 'हवापालट झाला' म्हणून सोडू नका. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत सकस खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. आधी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले.

चार, बागेतल्या नेपाळी दाजूला आणि त्याच्या बायकोलाही विचारा. तो खोकत असेल तर हाकलून देऊ नका. हाकललं की तो आजार घेऊन दुसऱ्या मांगरात जातो. आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. हंगाम संपून तो गावी निघाला तर उपचाराचा कागद आणि पुरेशा गोळ्या बरोबर मिळतील, हे बघा. मांगराला समोरासमोर दोन खिडक्या पाडून द्या. वारा खेळला की जंतू टिकत नाहीत.

पाच, ताटाकडे बघा. झारखंडमध्ये डॉक्टर अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबी झालेल्यांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांना बरोबर घेऊन एक अभ्यास केला. काही घरांत घरच्यांनाही दरमहा धान्य-डाळीचा शिधा दिला. २०२३ साली निकाल छापून आला. ज्या घरांत शिधा गेला, तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळीनं हे केलं, मैत्रिणींनो. म्हणून उरलंसुरलं खाणं बंद. डाळ, अंडं, सुकट, शेंगदाणे आपल्याही ताटात वाढून घ्या.

त्या ताईंचं उत्तर

आता ताईंच्या प्रश्नाकडे. मी त्यांना विचारलं, मुलाला लहानपणी काही झालं होतं का? त्या थांबल्या, म्हणाल्या, "बारा वर्षांचा होता तेव्हा छातीत पाणी झालं होतं. सहा महिने गोळ्या दिल्या. बरा झाला, मग आम्ही विसरूनच गेलो."

तिथेच उत्तर होतं. तो टीबी होता आणि तो बरा झाला. मागे व्रण राहिला. मुलगा सरकारी दवाखान्यात गेला, बेडका तपासला, पुन्हा फोटो काढला. आजार नाही. म्हणून ताई, तुमचा मुलगा आजारी नाही. तो कुणाला काही देत नाही. त्याचं ताट आजपासून सगळ्यांबरोबर लावा, आणि पहिला घास जाऊबाईंना त्याच्याच पंगतीला बसून घ्यायला सांगा.

नोकरी मात्र गेली, हे खोटं बोलून झाकता येणार नाही. एजंटानं निम्मेच पैसे परत केले. गटानं ताईंच्या कर्जाचे हप्ते लांबवून दिले आणि मुलगा आता तालुक्याला वायरिंगची कामं घेतो. इतर कुठल्या देशाचे नियम काय आहेत, ते तो विचारतो आहे.

आणखी एक गोष्ट त्या ताईंनी स्वतःच सांगितली. "मेडिकलचा कागद आला तेव्हा मीही दोन दिवस त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं." हे सांगायला धीर लागतो. आपण सगळ्याच असं करतो, कारण आपल्याला भीती वाटते. ती भीती घालवण्यासाठीच आजच्या या गप्पा.

काही विचारायचं असेल तर गावच्या आशाताईंना विचारा, किंवा १८००-११-६६६६ या सरकारी क्षयरोग मदत क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. गोल बसा आणि एकमेकींना विचारा, आपल्या घरात कधी कुणाला टीबी झाला होता? पहिली बाई बोलली की बाकीच्याही बोलतील.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.